जिन्यातली पाठमोरी

"नलू, मागे बघू नको गो."

एवढंच. एका बाईचा आवाज, ओल्या गोधडीसारखा जड, आणि त्याच्यामागून लाकडी पायऱ्यांवरून उतरत जाणारी लहान पावलं. हा आवाज आपल्याला कधीपासून ऐकू येतो, ते अनिशला सांगता आलं नसतं. लहानपणी ताप चढला की तो हमखास यायचा. बाबा गेले त्या दिवशीही आला. नलू कोण, असं त्याने एकदा आईला विचारलं होतं. "तापात माणूस काय काय ऐकतं," म्हणत मालनबाईंनी त्याच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि तो विषय तिथेच मिटला.

आता अनिश पस्तिशीला आला होता. लालबागच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहायचा आणि कॉमिक्स लिहायचा. चित्रं त्याची नसत. कुठल्या चौकटीत काय दिसेल, कोण काय बोलेल, दिवा कुठे, सावली कुठे, हे तो शब्दांत मांडायचा. रूप द्यायचे ते चित्रकार. ना प्रकाशक, ना साहेब. स्वतःच्या हिमतीवर त्याने एकदम तीन पुस्तकं अंगावर घेतली होती. माहीमच्या खाडीतून गाव बघायला निघालेल्या खेकड्याची गोष्ट नम्रता काढत होती. भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टची रहस्यकथा नागपूरच्या राजरत्नकडे होती. आणि कोकणातल्या एका भुताची गोष्ट सांगलीच्या शांताकडे. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. अनिशचं खरं पुस्तक ते आपलंच, असं तिघांनाही वाटे आणि अनिश त्यांना तसं वाटू देई.

आलेली पानं छापून तो कपड्यांच्या दोरीवर लटकवायचा. खेकड्याला हिरवे चिमटे, कोर्टाला निळे, भुताला लाल. मालनबाई त्या दोरीखालून वाकून जायच्या, पण वर कधी बघायच्या नाहीत.

"तीन तीन चुली पेटवून बसलंस," त्या म्हणायच्या. "एकीवर तरी भात शिजतलो काय रे झिला?"

गुरुवारी सकाळी तिन्हीकडची पानं एकदम आली. अनिशने ती लटकवली, चहाचा कप घेऊन दोन पावलं मागे सरला, आणि चहा तसाच राहिला.

खेकड्याच्या पानावर, कोळ्याच्या घरामागच्या जिन्यावरून एक मुलगी उतरत होती. पाठमोरी. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. डाव्या हातात फडकं बांधलेला डबा.

निळ्या चिमट्यांखाली साक्षीदारांची गर्दी होती. गर्दीच्या मागे जिना, जिन्यात ती.

लाल चिमट्यांखाली मध्यरात्रीचं माडीचं घर, आणि तिथेही ती. शांताची रेघ जाड, राजरत्नची बारीक, नम्रताची गोलसर. हात तीन, गावं तीन, आणि मुलगी एकच. भुताच्या गोष्टीत भूत दुसरंच होतं. पण अनिशच्या अंगावर काटा आला तो हिला बघून.

त्याने नम्रताला फोन लावला.

"पान सातवर ती मुलगी कोणी काढायला सांगितली?"

"जिन्यातली? तूच की. थांब, वाचते. 'मागे लाकडी जिना. एक मुलगी उतरतेय, वय सात, पाठमोरी. एक वेणी सुटलेली. डाव्या हातात डबा. ती वळत नाही.' मी विचारलंही होतं, खेकड्याच्या गोष्टीत ही बया कुठून आली? तू म्हणालास, राहू दे, ती तिथे असतेच."

"मी म्हणालो असं?"

"नाही, खेकडा म्हणाला." नम्रता हसली आणि मग हसायची थांबली. "अनिश, झोपतोस ना रे नीट? बरं, ठेवू की पुसू? उद्या छपाईला द्यायचंय. संध्याकाळपर्यंत सांग."

त्याने फोन ठेवला आणि तिन्ही संहिता उघडल्या. एक जूनमधली, एक गणपतीनंतरची, एक दिवाळीतली. तिन्हींत तेच शब्द, स्वल्पविरामासकट. 'ती वळत नाही.' हे लिहिल्याचं त्याला आठवेना. बोटं आपली, मशीन आपलं, आणि मधला माणूस कुठे गेला होता?

मग त्याला अण्णाकाका आठवले. बाबांचे थोरले भाऊ. शेवटी शेवटी रिकाम्या खाटेशी गप्पा मारायचे, तिला पाणी विचारायचे. पण सुरुवात अशीच झाली होती. एकच गोष्ट तीन घरी सांगून यायचे आणि सांगितल्याचं त्यांना आठवायचं नाही. घरातले तेव्हा हसले होते. अनिशही हसला होता.

पंखा चालू होता तरी त्याची मान घामाने भिजली. त्याने तिघांसाठी एकच निरोप लिहिला: 'माझं डोकं ठिकाणावर नाही. पुस्तक थांबवा. पानं तुमची, दुसरा लेखक बघा.' दीड वर्षाचं काम तीन ओळींत मावलं. अंगठा पाठवायच्या खुणेवर नेला.

"ही वरात हलव बघू," मालनबाई बादली घेऊन आल्या. "माझी पातळं काय डोक्यावर वाळत घालू?"

अनिश उठला नाही. मग त्यांनीच पानं सारायला हात वर केला, आणि हात वरच राहिला. बादली खाली टेकली. त्या एका पानाकडून दुसऱ्याकडे गेल्या, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. ओलं बोट त्या सुटलेल्या वेणीवर ठेवलं, जणू ती आता बांधायचीच होती.

"डावरी होती," त्या हळूच म्हणाल्या. "डबा पण डाव्याच हातात."

"कोण?"

त्या आत गेल्या. अनिश मागोमाग गेला. आई तांदळाचं सूप पुढ्यात घेऊन बसली होती आणि खडे निवडताना नेहमी गुणगुणायची ते गुणगुणत होती:

"सोळा गं पायऱ्यांचा, जिना माझ्या गं दाराशी
लेक माझी उतरली, लाडू बांधुनी उराशी..."

पुढची ओळ ती कधीच म्हणत नसे. आजही थांबली.

"आई, मला भीती वाटतेय." त्याने फोन तिच्यापुढे धरला. "अण्णाकाकांसारखं होतंय मला. मी जे लिहितो ते मलाच माहीत नसतं. मी आज सगळं बंद करतोय."

आईने निरोप वाचला. ओठ हलवत, अक्षर अक्षर लावून. मग सूप बाजूला सारलं.

"पाठवू नको. तुझं डोकं ठिकाणावर आहे. तू बघितलं होतंस तिला. माझ्या कडेवर होतास, तापाने फणफणलेला."

अनिश तिच्यासमोर फरशीवर बसला.

"डिलाईल रोडची खोली. तू तीन वर्षांचा, ती सात. डॉक्टर म्हणाले, याला आजच दाखल करा, आशा धरू नका. बाबा गिरणीत, पाळीवर. देवगडची माझी बहीण आलेली, तिला मूलबाळ नव्हतं. म्हणाली, थोरलीला मी नेते, चार महिने. शेवेचे लाडू दिले मी डब्यात. तू वाचलास. चार महिन्यांनी तिला आणायला गेले, तर ती माझ्या बहिणीला आई म्हणत होती. बहिणीने पाय धरले माझे. मी उंबऱ्यातूनच परत फिरले. मग आपण इकडे लालबागला आलो. इथे विचारणारं कोणी नव्हतं."

"आहे ती?"

"आहे. देवगडातच. दोन मुलं आहेत नलूला."

बाहेर दोरीवर चिमटे वाऱ्याने कुरकुरत होते. फोन वाजला, नम्रता होती. अनिशने तो उचलला नाही. त्याला ती पावलं ऐकू येत होती, पण आता ती कुणाची तरी होती.

"म्हणून ती वळत नाही," तो म्हणाला. "तू सांगितलं होतंस, मागे बघू नको."

आईने पदर तोंडाशी धरला, मग सोडून दिला.

"वळली रे," ती म्हणाली. "शेवटच्या पायरीवरून वळून बघितलं तिने. मीच दार लावून घेतलं."