शपथेविना साक्ष

"हात वर करा, बाई, आणि माझ्यामागून म्हणा," कोर्टाचा कारकून दुसऱ्यांदा म्हणाला.

"शपथ नाही घेता येणार, साहेब, प्रतिज्ञाही नाही. आमच्या धर्मात घेत नाहीत. रोजच खरं बोलायचं असतं, मग आजच्या खऱ्याला वेगळी शपथ कशाला?"

बाई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुवायची. बावीस वर्षांत एक खाडा नाही. 'बरी आहेस का, असं हिला विचारू नका, खरंच सांगत बसेल,' अशी सोबतिणी तिची थट्टा करायच्या.

धाकट्या भावाच्या गाडीखाली एक शिंपी जागीच गेला, तेव्हा ती भावाशेजारी बसली होती. सिग्नलचा दिवा हिरवा होता, असं भावाचं म्हणणं. दुसरा साक्षीदार नव्हता. भावाला वाचवायला बाई धर्माचं सोंग आणतेय, असं न्यायाधीशांना वाटलं. त्यांनी तिला आठ दिवस तुरुंगात धाडलं.

भाऊ भेटायला आला. "ताई, अशीच ठाम राहा!"

"मला विचारलं, तर मी सांगणार हं."

"विचारतील कसे? शपथ नाही तर साक्ष नाही." तो हसला. तिला हसू आलं नाही.

तिच्या अपिलावर वरच्या कोर्टाचा निकाल आला. घटनेनं दिलेलं धर्मस्वातंत्र्य साक्षीदाराच्या पिंजऱ्याबाहेर ठेवून यावं लागत नाही. तिच्यावर शपथेची सक्ती नको. मात्र फौजदारी खटल्यात साक्ष चुकणार नाही, आणि खोटं बोलली तर शिक्षाही चुकणार नाही.

ती पुन्हा उभी राहिली. "दिवा लाल होता. भाऊ फोनकडे बघत होता. मी ओरडले, पण उशीर झाला होता."

भावाचा वकील उसळला. "सख्ख्या भावाविरुद्ध बोलताना काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. कडेवर घेऊन वाढवलाय मी त्याला."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, तुम्हाला ओळखण्यात माझी चूक झाली," ते म्हणाले आणि ते वाक्यही नोंदवून घ्यायला लावलं.

भावाला दोन वर्षांची शिक्षा झाली. भावजयीनं बोलणं टाकलं. पहिल्याच रविवारी बाई इस्त्री केलेले दोन शर्ट घेऊन तुरुंगाच्या दारी गेली.

पहारेकरी आत जाऊन आला. "भेटायचं नाही म्हणतो. शर्ट मात्र ठेवून घेतले."

तिनं मान हलवली. भेटीची वेळ संपायला अजून अर्धा तास होता. ती बाकावर बसून राहिली.