माशाच्या तोंडातली पिल्लं

दाराची कडी खणकन वाजली, तेव्हा कुठे झियोनेने मान वर केली. नणंद दाराशी उभी. काखेत गाठोडं.

"निघाले गं वहिनी. प्रेषितांच्या तंबूत सात रात्री राहायचंय. मग कूस उजवते म्हणतात."

झियोनेचा नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत. डोंगरातल्या या सासरगावात तिच्याशी मनातलं बोलणारी एकटी ही नणंद तादालाच, आणि तादालाच्या लग्नाला नऊ वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. लेकीला, यामीला, कडेवर घेऊन झियोने तिच्यामागे धावली.

मैदानात ही गर्दी! प्रेषित ग्वाझा हातात जिवंत मासोळी उंचावून गरजत होता, "बघा, पोट सपाट! वांझोटी मासोळी!" त्याने फुंकर मारली, परातीतल्या पाण्यात मासोळीचं डोकं खाली धरलं आणि तिच्या तोंडातून पिल्लांचा घोळका सुटला. बायका किंचाळल्या. या गावाने मासा पाहिला होता तो वाळवलेलाच.

झियोने मात्र मलावी सरोवराकाठची. तिने सरळ त्याच्या बादलीतून दुसरी मासोळी काढली.

"हात झडतील तुझे!" ग्वाझा कडाडला.

"झडू देत. मी तर फुंकरही मारत नाही."

तिने मासोळीचं डोकं पाण्यात खाली धरलं. पिल्लं सुटली.

"प्रेषिताची फुंकर फुकट गेली की रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं," झियोने म्हणाली. "ही अंडी घालते नि लगेच तोंडात घेते. नराच्या पोटामागच्या पराला अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. तीही अंडीच समजून ही टिपायला जाते, तेव्हा नराचं बीज तोंडात जातं नि अंडी फळतात. ते ठिपकेही कुणी मंतरलेले नाहीत. पिल्लाचं अंग घडवणारी जनुकं असतात, तीच ते काढतात. मासे तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. पिल्लं तोंडात आहेत तोवर ही बिचारी उपाशी. म्हणून पोट सपाट! बायांनो, यात सात रात्री कशाला लागतात, हे तरी विचारा याला. मूल होत नसेल तर दवाखाना गाठा. नवऱ्यालाही न्या."

दुपारच्या आत तंबू उठला.

तादाला घरी आली, पण वहिनीकडे पाठ फिरवून मक्याचे दाणे सोलत बसली.

यामीने आईचा हात ओढला. "आई, तो खोटारडा होता ना? मग आत्या तुझ्यावर का रुसली?"