दारात कोण रडलं

माझं जांभळं लुगडं माझ्यापेक्षा माझ्या नवऱ्यानेच जास्त वेळा नेसलं आहे. लग्नात आईने दिलेलं, चांगलं नऊवारी. मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका झाले, पाचवारीवर आले आणि लुगडं ट्रंकेत गेलं. ते बाहेर निघायचं ते भिकनसाठी. भिकन म्हणजे माझा नवरा. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये मशीनवर कामाला, आणि आमच्या वसाहतीच्या जलशात स्त्रीपार्टी. सतराव्या वर्षापासून तो बायांची कामं करत आला. पन्नाशी ओलांडली, पोट सुटलं, तरी खेळाच्या दिवशी मिशी उतरवून डोक्यावर पदर घेतला की पुढच्या रांगेतल्या बाया हुंदके द्यायला लागत. मला हसूही यायचं आणि रागही यायचा.

जलसा माझ्या सासऱ्यांनी, कोंडाजींनी, उभा केलेला. गाणी त्यांची, खेळही त्यांनीच लिहिलेला. त्यातला सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा. कोंडाजी सत्याग्रहाला निघतो. बायको तान्ह्या पोराला घेऊन दारात आडवी होते आणि गाते, ‘जाऊ नका धनी नाशिकाला, तान्हं बाळ माझ्या पदराला.’ कोंडाजी तिला चार ओळींत माणुसकी समजावतो आणि तिला बाजूला सारून निघून जातो. बायको उंबऱ्यावर बसून रडते. टाळ्या. गेली तीस वर्षं भिकन हे रडणं रडत होता. ती बायको म्हणजे त्याची स्वतःचीच आई, माझी सासू भिमाबाई, आणि ती दर वर्षी पहिल्या रांगेत बसून मुकाट्याने हे पाहायची.

ऐंशी साली सत्याग्रहाला पन्नास वर्षं होणार होती. दोन मार्च, नेमका रविवार. देवळाली कॅम्पापासून कळवणपर्यंतच्या आपल्या माणसांना निमंत्रणं गेली. आमचं महिला मंडळ तेव्हा चार-पाच वर्षांचं होतं. आम्ही दर शनिवारी जमायचो, पेपर वाचायचो, नामांतराच्या मोर्चाला गेलो होतो, लाठ्याही पाहिल्या होत्या. मोर्चात बाया पुढे चालतात आणि जलशात मात्र बाईचं काम पुरुष करतो, हे मला कित्येक दिवस खुपत होतं. जलशाचा अध्यक्ष सहादू. भिकनचा जिवलग मित्र, मला वहिनी म्हणणारा. बैठकीत मी उभी राहून म्हणाले, “या वर्षी दारातलं काम मी करते.”

सहादू भिकनकडे बघायला लागला. भिकन चपलेच्या अंगठ्याकडे.

“करू द्या की,” शेवटी भिकनच म्हणाला. त्याला वाटलं असावं, चार दिवसांत हिचं वेड उतरेल.

तालीम समाजमंदिरात. मी उंबऱ्यावर बसले, गाणं म्हटलं, रडले. माझ्या मते बरी रडले. सहादूने पेटीवरचा हात उचलला.

“वहिनी, राग नका मानू, पण बाई अशी रडत नाही.”

“म्हणजे कशी रडते?”

“भिकन, दाखव बरं जरा.”

आणि माझा नवरा उठला. पँट-शर्टातच उंबऱ्यावर बसला, हाताने नसलेला पदर सावरला, एक हुंदका गिळला, दुसरा अर्धा सोडला, खांदा उडवला. सगळे हळहळले. माझ्या मंडळातली नवसाबाईसुद्धा डोळे पुसत म्हणाली, “शकू, खरंच गं, दादांचं बरोबर वाटतं.” बाई कशी रडते हे मला, दोन लेकरं वाढवलेल्या आणि एक पुरलेल्या बाईला, एक मिशीवाला दाखवत होता आणि तेच खरं ठरत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वही आपटून घरी आले.

सासूबाई अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरात वय, पण नजर पक्की. मी त्यांच्यासमोर फतकल मारली. म्हटलं, बाकीच्यांचं जाऊ दे, जिच्यावर बेतलंय तिलाच विचारावं.

“आत्याबाई, मामांजी सत्याग्रहाला निघाले तेव्हा तुम्ही दारात कशा रडल्या?”

त्यांनी लसणाची पाकळी ताटात टाकली.

“म्या कुठं रडले? म्या घरी नव्हतेच.”

“मग कुठे होता?”

“नाशकात. काळारामाच्या दाराम्होरं. बायांची तुकडी व्हती, तिच्यात.”

मला आधी वाटलं, वय झालंय, गल्लत होतेय. पण त्या सरळ सांगत राहिल्या. तेव्हा ते सिन्नरकडच्या गावात राहत. गावकीची, म्हणजे गावाची वेठ करायची, पाळी त्या वर्षी कोंडाजींची होती. नाशकाला जो जाईल त्याचं बलुतं बंद, असा पाटलाचा निरोप आला होता. कोंडाजी गेले नाहीत. सासूबाई गेल्या, अंगावर पिणाऱ्या पोराला कडेवर घेऊन.

“दारात त्यो रडला,” त्या म्हणाल्या. “नको जाऊ म्हनला. म्या गेले.”

“मग खेळात उलटं कसं?”

“त्यो लिव्हनारा. त्याला जसं वाटलं तसं लिव्हलं.”

“आणि तुम्ही तीस वर्षं गप्प बसलात?”

“मला कुनी इचारलं का?” त्यांनी पुढचा लसूण घेतला. “आज तू इचारलं.”

मी हे भिकनला जेवताना सांगितलं. आणखी कधी सांगणार होते? त्याचा घास हातातच राहिला. आईकडे वळून म्हणाला, “आई, ही काय बोलते?”

“खरं हाय ते.”

“म्हणजे मी पण होतो? देवळासमोर?”

“व्हता की. पीत व्हता आन् झोपत व्हता.”

मी हसले. तो हसला नाही. समाजमंदिरात कोंडाजींचा फोटो आहे, हार घातलेला, खाली ‘सत्याग्रही’ लिहिलेलं. भिकन त्या माणसाचा मुलगा म्हणून वसाहतीत वावरला होता. हात धुऊन तो बाहेर गेला आणि त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलला नाही. भाजीत मीठ नसलं तरी बोलला नाही.

मी मात्र त्या चार दिवसांत शाळेच्या वहीत प्रवेश नव्याने लिहून काढला. जन्मात पहिल्यांदा काही लिहिलं, ते रागाने लिहिलं, आणि रागाचं लिखाण भराभर होतं. बाई पोर कडेवर घेते. नवरा दार अडवतो, पाटलाची भीती घालतो, बलुत्याची भीती घालतो, रडतो. बाई त्याला बाजूला सारून निघते. गाणं तेच ठेवलं, फक्त म्हणणारा बदलला. ‘जाऊ नको सखे नाशिकाला.’ कोंडाजींना मी अजिबात सोडलं नाही. लिहून झाल्यावर इतकं बरं वाटलं की दोनदा चहा केला.

सहादूने वही वाचली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

“वहिनी, पन्नास वर्षांच्या कार्यक्रमात आपण सांगायचं की जलसा काढणारा माणूस घरात बसला होता? आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा?”

“ज्या बाया गेल्या त्यांच्या पायावर पडलाच आहे की धोंडा. तीस वर्षं.”

सहादू वाईट माणूस नाही. वही मिटून तो म्हणाला, “बरं. पण दारात रडणारा गडी आधी शोधा. मिळाला तर करू. नाही तर जुनाच खेळ, आणि जुन्याला भिकनच.”

मला वाटलं, यात काय अवघड? आमच्या जलशात भिकन सोडून सात पुरुष. सातांनीही नाही म्हटलं. लुगडं नेसून रडायला त्यांची हरकत नव्हती. ढोलकी वाजवणारा मंगळू तर दोनदा दासी झाला होता. पण धोतर नेसून, बायको सत्याग्रहाला चाललीय आणि आपण रडतोय, हे त्यांना चालेना. “पोरं चिडवतील,” मंगळू म्हणाला. म्हणजे बाईच्या वेशात रडलं तर कला आणि पुरुषाच्या वेशात रडलं तर अब्रू गेली. आठ दिवस मी दारोदार फिरले. शेवटी नवसाबाई म्हणाली, मी मिशी लावते. मला ते पटेना. मग आपणही तेच केल्यासारखं झालं असतं.

भिकनला मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, असं खरं म्हणजे म्हणायला हवं. त्याच्या बापाला भित्रा ठरवणारं काम त्याने का करावं?

दोन मार्चला पाच वाजता खेळ होता. दुपारी सहादू दारात आला. “गडी मिळाला?” मी नकाराची मान हलवली. “मग जुनं करू, वहिनी. पुढच्या वर्षी पाहू.” तो गेल्यावर मी ट्रंक उघडली. म्हटलं, निदान लुगडं तरी इस्त्री करून द्यावं, लोकांसमोर नवऱ्याची शोभा नको. ट्रंकेत लुगडं नव्हतं. भिकन जेवण झाल्यावर कधीच निघून गेला होता, आणि लुगडं घेऊन गेला होता. मी ट्रंकेशेजारी बसून राहिले. हरल्यासारखं वाटत होतं. सासूबाईंनी नवं पातळ नेसून घेतलं होतं, काठी हातात होती. “चल, उशीर व्हईल,” त्या म्हणाल्या. त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं काम माझंच होतं.

समाजमंदिरापुढचं पटांगण भरलं होतं. सासूबाईंना बसवून मी पडद्यामागे गेले, ते सहादूला चार शब्द सुनवायला. तिथे पेटीच्या खोक्यावर भिकन बसला होता. मिशी जागेवर. अंगात कोंडाजींची जुनी बंडी, धोतर, डोक्याला मुंडासं. मांडीवर माझं लुगडं, घडी घातलेलं.

“घे,” तो म्हणाला. चार दिवसांचे बारा दिवस झाले होते, त्यानंतरचा पहिला शब्द. “निऱ्या नीट काढ. पुढून वर येतं तुझं.”

मी लुगडं घेतलं.

“वही पाठ आहे?” मी विचारलं.

“आहे.”

सहादू लांब उभा राहून पेटीचा भाता उगाच दाबत होता.

प्रवेश सुरू झाला. कडेवर उशीचं बाळ घेऊन मी दाराशी आले. भिकन आडवा आला. त्याने पाटलाचा निरोप सांगितला, बलुत्याचं सांगितलं. पटांगणात चुळबूळ झाली. कुणीतरी मागून ओरडलं, “अरे, उलटं चाललंय!” भिकनने गाणं धरलं, ‘जाऊ नको सखे नाशिकाला, तान्हं बाळ तुझ्या पदराला,’ आणि मग तो रडला. पदर नव्हता, खांदा उडवणं नव्हतं, अर्धा हुंदका नव्हता. दोन्ही हात चौकटीला धरून, तोंड वाकडं करून, नाक वाहत, कसाही रडला. तीस वर्षं टाळ्या घेणाऱ्या माणसाचं हे रडणं बघायला चांगलं नव्हतं. टाळी पडली नाही. पुढच्या रांगेतले पुरुष खाली बघत होते.

आता माझं वाक्य होतं. “सरका बाजूला,” आणि मी निघायचं. मी म्हटलं. तो सरकला. पण मी पाऊल उचलायच्या आत म्हणाला, “थांब,” आणि आत गेला.

हे वहीत नव्हतं. पोर कडेवर घेऊन मी उभी. सहादूने बावरून एक सूर धरला आणि सोडून दिला.

भिकन बाहेर आला. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. ते माझ्या हातात देऊन म्हणाला, “भाकरी आहे. चटणी घातलीय.” आणि बाजूला उभा राहिला.

पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असा.

“कांदा बी व्हता.”

कोंडाजींनी भाकरी बांधून दिली होती. रडून झाल्यावर, स्वतः थापून. मला हे माहीत नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. दारात कोण रडलं एवढंच मला हवं होतं. ते मिळालं आणि मी वही भरायला पळाले. भिकन मात्र त्या बारा दिवसांत कधीतरी आईजवळ जाऊन बसला होता आणि त्याने विचारलं होतं, मग पुढे बापाने काय केलं?

मी गाठोडं घेऊन निघाले. आतली भाकरी खरी होती, अजून कोमट. विंगेत पोचल्यावर मी रडले. कशी रडले ते विचारू नका. सहादूने पाहिलं असतं तर म्हणाला असता, बाई अशी रडत नाही.