गाते आणि गायची

“कप उचला,” बाई त्या परक्या भाषेत म्हणाल्या. शिवणकामवाल्या आजींनी कप उचलला.

“खिडकीत ठेवा.”

त्यांनी ठेवला. वर्गातल्या नर्स मुलींनी टाळ्या वाजवल्या.

बाईंच्या वर्गात भाषांतर नव्हतं, पाठांतर नव्हतं. आधी नुसतं ऐकायचं, सांगितलेलं करायचं. बोलणं आतून येईल तेव्हा येईल. परदेशी नोकरीला निघालेल्या मुली दहा दिवसांत चुरूचुरू बोलू लागल्या. आजींनी मात्र दोन महिने चकार शब्द काढला नाही. बाईंनीही त्यांना कधी टोकलं नाही. आजींची लेक नोकरीसाठी परदेशी गेली, तिथलाच नवरा केला, आणि गेल्या वर्षी आजारपणात गेली. मागे सहा वर्षांची नात. तिला बापाचीच भाषा यायची. दर रविवारी आजी-नात फोनच्या पडद्यावर एकमेकींना नुसता हात हलवत बसायच्या.

त्या दिवशी सगळ्यांनी घरच्या माणसांचे फोटो आणले होते. आजींची पाळी आली. त्यांनी फोटो चष्म्याच्या फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला, आणि त्या बोलल्या.

“ही माझी मुलगी. ती गाते. खूप गाते.”

नर्स मुली वळून बघू लागल्या.

कुणी चुकलं तर बाई थांबवत नसत. तेच वाक्य नीट करून, गप्पांच्या ओघात परत म्हणत. ‘हो का, गायची?’ एवढंच म्हणायचं होतं. वीस वर्षांची सवय. शब्द ओठांवर आला आणि बाईंनी तो गिळला.

“हो का? गाते?”

“गाते,” आजी म्हणाल्या आणि हसल्या.

सोमवारी वर्ग भरायच्या आधीच आजी आल्या. पिशवी बाकावर ठेवून उभ्याच राहिल्या.

“काल नातीशी बोलले. म्हटलं, तुझी आई गाते.”

“मग?”

“ती म्हणाली, ‘हो, आई गायची.’ रागावून नाही हो. अगदी तुम्ही मुलींना म्हणता तसं, सहज.”

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. “माझं चुकलं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“छे हो. तुम्ही सांगितलं असतं, तर मी परत वर्गाला आले नसते.” आजी बाकावर टेकल्या. “मग ती कितीतरी वेळ बोलत होती. आई काय गायची, कधी गायची. मला निम्मं कळलं नाही. आता मला तिला सांगायचंय, तिची आई तिच्याएवढी होती तेव्हा कशी होती ते. तेवढं शिकवा.”

बाई फळ्याकडे गेल्या नाहीत. खुर्ची ओढून त्या आजींसमोर बसल्या आणि त्या भाषेत, सावकाश म्हणाल्या, “सांगा मला.”

आजींनी हात मांडीवर जुळवून ठेवले. ओठ दोनदा हलले.

“मला एक मुलगी होती,” त्या म्हणाल्या.

वाक्य बिनचूक होतं. बाईंनी नुसती मान हलवली.