मोठ्या टायरची जीप

श्रीकृष्ण वकिलांच्या जीपला त्यांच्या पोराने, मंदारने, रुबाबासाठी मोठे जाडजूड टायर बसवले आणि महिन्याभरात ड्रायव्हर धम्मदीप चोर ठरला.

लिटरमागे बारा चालणारी जीप दहावर आली. टायर बदललेले वकिलांना रोज दिसत होते, पण डोक्यात एकच आले, कोणीतरी डिझेल काढते. कोणीतरी म्हणजे कोण, हे ठरवायला आपल्याकडे पुरावा लागत नाही. कोर्टात जन्म घालवलेल्या माणसालाही लागला नाही. दिग्रसच्या पंपावर चार लोकांत ते म्हणाले, "नळी कुठं लपवतोस रे?"

धम्मदीप घरी पोचायच्या आत ती गोष्ट पोचली होती. माय, हंसाबाई, भाकर वाढता वाढता थांबली.

"खरं सांग बापू, घेतलं का तू?"

वकिलांचे बोलणे त्याने गिळले असते. हे गिळवले नाही. तो ताटावरून उठला.

सकाळी त्याने वकिलांच्या दारात गाडी लावली. "सायेब, टाकी गळ्यापर्यंत भरा अन् सोता बसा. आर्णीले जाऊन वापस येऊ. मी पाणी प्यालेही उतरत नाही."

"बसतो. पाहूच," वकील म्हणाले.

पहिले काही मैल ते त्याच्या हाताकडेच पाहत होते. मग कंटाळून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पाहू लागले. आणि मग मीटर.

"धम्मदीप, दहा दगड गेले. मीटरवर नऊच कसे?"

"मले काय माईत सायेब. तुमी मीटर पाहून हिशोब करता. मी रस्ता पाहून गाडी चालवतो."

दिग्रसला येऊन टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. हिशोब तोच, दहा. डिझेल कोणी काढले नव्हते. काढणारा आणि पकडणारा सारा वेळ एकाच गाडीत बसले होते. वकिलांनी जीप अय्याजच्या टायरच्या दुकानाकडे घ्यायला लावली.

"वकीलसाब, टायर बडा तो चक्कर बडा," अय्याज म्हणाला. "एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, मीटर जुन्याच मापानं मोजते. अन् जाड टायर ओढाले डिझेलही थोडं जास्त लागते. मंदारभाऊले तवाच सांगितलं होतं मी."

म्हणजे मंदारला माहीत होते. घरात धम्मदीपच्या नावाने शिव्या चालल्या, तेव्हा तो शेजारी बसून मोबाइल पाहत होता. बापाचे बोलणे खायला नको म्हणून त्याने दुसऱ्याच्या पोराची अब्रू खर्च केली. त्याला फुकटच पडली ती.

वकील धम्मदीपकडे वळले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलं माझं."

"मले नोका सांगू. माह्या मायले सांगा."

वकील गेले. धम्मदीपच्या वस्तीत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात चपला काढून उभे राहिले. "बाई, तुमच्या पोरानं काही घेतलं नाही. दोष माझ्या घरचा होता."

हंसाबाईने पदर सावरला. "तुमाले काय बोलू सायेब? मी तं माय. मीबी त्याले इचारलंच."

धम्मदीपने तिच्याकडे पाहिले. तिने मान खाली घातली होती. तो जाऊन तिच्याजवळ, उंबऱ्यावर टेकला.

"उद्या येशील ना?" वकिलांनी विचारले.

त्याने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "पयले जुने टायर बसवा. मंग मले बलवाले मंदारभाऊले सोता धाडा."