अबोल्यात चाक उचलत नाहीत

त्या घरात अबोला चालू होता, आणि अबोला म्हणजे भांडण नव्हे, हे आधी समजून घ्या. भांडणात निदान आवाज असतो, शेजाऱ्यांचीही करमणूक होते. अबोल्यात नुसती भांडी आपटतात, दारं जरा जोरात लागतात, आणि दोन चांगली शहाणीसुरती माणसं एकाच खोलीत बसून तिसऱ्याच्या तोंडून बोलतात. इथे ते तिसरं तोंड होतं नवऱ्याच्या आईचं.

"त्याला म्हणावं, डबा ओट्यावर ठेवलाय," बायको भिंतीकडे बघून सांगायची.

"अरे, डबा ओट्यावर आहे म्हणते ती. आणि कालचा घासायला टाकला नव्हतास," आई पोचवायची. कालच्या डब्याबद्दल बायको अवाक्षर बोललेली नसायची. ती भर आईची स्वतःची. इतकी वर्षं घरात तिचं कोणी फारसं ऐकत नव्हतं, आणि आता तिच्यावाचून पान हलत नव्हतं. ती कशाला अबोला लवकर मिटू देईल?

नवरा विमानं दुरुस्त करणाऱ्या हँगरमध्ये मेकॅनिक होता. तिथे त्याला सगळे बघूशेठ म्हणत, कारण कुठल्याही प्रश्नावर त्याचं उत्तर ठरलेलं. रजा कधी घेणार? बघू. घरचा पंखा कधी दुरुस्त करणार? बघू. लग्नाचं विचारलं तेव्हाही गृहस्थ 'बघू'च म्हणाला होता, आणि मुलीने ते 'हो' धरून चालवून घेतलं. ही तिच्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची ढिलाई. एरवी बाई म्हणजे कडक काम. त्याच हँगरमध्ये ती इन्स्पेक्टर होती, आणि तिच्या हाताखालून वाकडा स्क्रू कधी सुटला नव्हता.

तर झालं असं, की या इन्स्पेक्टरबाईंना दूरच्या शहरातून बोलावणं आलं. तिथल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नव्या इन्स्पेक्टरांना शिकवायचं, वर्षभर. शनिवारी घरी यायचं, रविवारी परत निघायचं. तिने नवऱ्याला विचारलं, "जाऊ का?"

"बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "तुला वाटेल ते कर."

हे वाक्य ज्याने कोणी शोधून काढलं त्याला एकदा भर चौकात उभं केलं पाहिजे. त्यात होकार नाही, नकार नाही, आणि जबाबदारी तर औषधालाही नाही. बायकोने हातातलं ताट खाली ठेवलं, आणि त्या घटकेपासून तिचं तोंड बंद झालं. मग याचंही झालं. आधी कोण बोलणार यावर दोघांची अब्रू टांगली गेली.

खरं विचाराल तर बघूशेठची पंचाईत झाली होती. 'नको जाऊस' म्हणावं तर आपण कोत्या मनाचे ठरतो, आणि 'जा' म्हणावं तर ती खरंच जाईल. ती गेली की संध्याकाळी घरात आई, पंखा आणि आपण. हे बायकोला सांगायला एवढंसं धैर्य लागतं, पण नेमकं तेच आणायचं कुठून? आणि तिला उत्तर कळवायचं होतं आज संध्याकाळपर्यंत.

त्यात आजचंच काम आलं लँडिंग गिअरचं, म्हणजे विमानाच्या पायांचं. विमान जॅकवर उचलून ठेवलं होतं. डाव्या पायाचं चाक ओढून पोटात घेणारा दांडा झिजलेला निघाला, तो काढून बघूशेठने सकाळी नवा बसवला. आता सगळे पाय एकदा पोटात घेऊन परत खाली सोडून बघायचे. ऐकायला सोपं आहे. पण ते चाक माणसाच्या छातीपर्यंत येतं, आणि पोटाचं दार मिटतं तेव्हा मध्ये टायर आहे की कोणाचा हात, याची ते चौकशी करत नाही. म्हणून या कामाच्या नियमांतून ब्रह्मदेवाच्या बापालाही सूट नाही. ज्याने भाग बसवला त्याने तो तपासायचा नाही. पाय आपोआप मिटू नयेत म्हणून त्यांत लाल फितीच्या पिना घालतात. त्या असल्याशिवाय चाकाच्या कप्प्यात शिरायचं नाही. चाचणीला एक जण खाली हेडसेट लावून उभा राहणार, एक जण वर कॉकपिटमध्ये पाय उचलायच्या लिव्हरपाशी बसणार. खालचा जे बोलेल ते वरच्याने शब्दन् शब्द परत म्हणायचं, मगच लिव्हरला हात. हातवारे चालत नाहीत, मान डोलावणं चालत नाही, आणि तिसऱ्यामार्फत निरोप तर मुळीच नाही.

वर बघूशेठ, खाली त्याची बायको. घ्या.

बघूशेठ फोरमनकडे गेला. या फोरमनचा साधा आवाजही हँगरच्या दोन्ही टोकांना पोचायचा, म्हणून त्याला भोंगा म्हणत. "आज खाली दुसरं कोणी उभं करता का?" बघूशेठने शक्य तितक्या हळू विचारलं.

"का, बोलणं बंद आहे ना तुमचं?" भोंगा म्हणाला, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही ते कळलं. "अरे, नवऱ्याच्या कामातल्या चुका बायकोपेक्षा जास्त कोणाला सापडणार? याहून सुरक्षित व्यवस्था कंपनीला मिळायची नाही. जा, बस वर. मी पाय हलवणाऱ्या पंपावर आहे, हेडसेट लावून ऐकतोय सगळं. पण मी तुमची आई नाही, निरोप पोचवणार नाही."

बघूशेठ वर जाऊन बसला. हेडसेट कानाला लावला. खालून आवाज आला, कोरडा ठणठणीत. "कॉकपिट, खालून बोलतेय. ऐकू येतंय का?"

इतक्या दिवसांनी त्या आवाजाने त्याला सरळ काही विचारलं होतं. याने काय करावं? हेडसेटचं बटण दोनदा दाबलं. टक टक.

"विमान दुरुस्त करतोयस की दार ठोठावतोयस?" पंपापाशी भोंगा गरजला. "तोंडाने बोल."

"ठीक," बघूशेठ म्हणाला.

"ठीक म्हणजे काय ठीक?" बायकोचा आवाज. "माझं वाक्य पूर्ण परत सांगा."

"खालून बोलताय. ऐकू येतंय." त्याने मनाशी ठरवून टाकलं की हे बोलणं कंपनीचं आहे, अबोला घरचा आहे, तेव्हा अजून आपण हरलेलो नाही. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की कोणाच्या बापाला ऐकत नाही.

पंप सुरू झाला. हँगरभर घरघर भरली. बाईंनी एकेक पिन काढली.

"पिना काढल्या. लाल फिती माझ्या हातात आहेत."

"पिना काढल्या. लाल फिती तुमच्या हातात आहेत."

"आजूबाजूला शेवटची नजर टाकतेय. मी सांगेपर्यंत थांबा."

"तुम्ही सांगेपर्यंत थांबतो."

आणि तो थांबला. बराच वेळ थांबला. घड्याळाकडे बघितलं, नखं बघितली, समोरच्या काचेवरचा डाग बोटाने पुसला. मग हेडसेटमध्ये आवाज आला. टक टक.

बघूशेठला आधी हसूच आलं. अच्छा, म्हणजे आता बाईसाहेब उट्टं काढतायत. मी टक टक केलं, मग तीही करणार. चला, नियमांची पुतळी एकदाची मोडली तर. त्याला फार बरं वाटलं. हात लिव्हरकडे गेला, बोटांनी लिव्हर धरली, खाचेतून बाहेर ओढली.

आणि तो तिथेच थबकला.

कारण ही बाई भाजीवाल्याने 'किती देऊ' विचारलं तरी नुसतं बोट दाखवत नाही, पूर्ण वाक्य बोलते. ती रागातही अर्धं उत्तर देत नाही. रागात तर नाहीच नाही. ती आणि टक टक? छे. जन्मात नाही.

लिव्हर त्याने परत खाचेत बसवली, हळू, दुसऱ्या कोणाची वस्तू असल्यासारखी.

"अगं, कुठे आहेस?" तो म्हणाला.

उत्तर नाही.

"अगं, बोल ना."

"काय रे?" भोंग्याचा आवाज आला.

"पंप बंद करा. ती आत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. म्हणूनच म्हणतोय, बंद करा."

भोंग्याने पंप बंद केला. घरघर बसत गेली, सगळा हँगर गप्प झाला, आणि त्या शांततेत डाव्या चाकाच्या कप्प्यातून, विमानाच्या पोटातून, एक घुमणारा आवाज आला.

"हे फडकं कोणाचं आहे?"

बघूशेठ जिना कसा उतरला ते त्याचं त्याला माहीत नाही. खाली आला तेव्हा बायको कप्प्यातून बाहेर पडत होती. केसांना ग्रीस, हातात तेलकट फडकं. कोणाचं ते विचारायची गरजच नव्हती. ते त्याच्या जुन्या चट्ट्यापट्ट्याच्या शर्टाचं होतं, आणि तो शर्ट तिनेच फाडून दिला होता. तिचा हेडसेट बाहेर शिडीला टांगलेला होता. वायर आत पुरेना म्हणून काढून ठेवलेला. तो डुलत होता, आणि डुलता डुलता त्याचं बटण शिडीच्या पायरीवर आपटत होतं.

"नवा दांडा बसवायचा आणि त्याच्या मागे हे कोंबून ठेवायचं," ती सुरू झाली. "दार मिटताना हे अडकलं असतं म्हणजे? काम झालं की हातातलं आहे तिथे टाकून मोकळं व्हायचं, घरीही तेच, इथेही..." मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "काय झालं तुला?"

"मी लिव्हरला हात घातला होता," तो म्हणाला. "खाचेतून काढली होती. वर टक टक ऐकू आलं. मला वाटलं, तूच."

तिने शिडीवर डुलणाऱ्या हेडसेटकडे बघितलं. मग कप्प्याकडे. मग शिडीच्या खालच्या पायरीवर बसली.

"पिना न घालता आत शिरले मी," ती म्हणाली. "फडकं दिसलं आणि डोकंच फिरलं. हेडसेटही काढला. माझी चूक आहे."

"फडकं माझं. टक टकही मीच सुरू केली."

"बस इथे." तिने पायरीवर सरकून जागा केली.

तो बसला. "मेलो होतो मी. म्हणजे तू. म्हणजे मीच."

भोंगा जवळ येऊन उभा राहिला होता. त्याला हळू बोलायचं होतं, पण जन्मजात आवाजाला तो काय करणार? "चुकांची वाटणी नंतर करा. हे झालेलं मी वर कळवणार आहे, तुमच्या दोघांचं आणि माझंही, कारण मी पंपामागे बसून राहिलो. आता चहा घ्या. मग पहिल्यापासून सगळं. अगदी पहिल्यापासून."

चहा झाला. पिना परत घातल्या, परत काढल्या. या वेळी भोंगा पंप दुसऱ्याच्या हवाली करून हेडसेट लावून चाकांपाशीच उभा राहिला. खालून एक वाक्य वर गेलं की वरून ते जसंच्या तसं खाली येत होतं. चाकं आत गेली, दारं मिटली. दारं उघडली, चाकं खाली आली, कॉकपिटमध्ये हिरवे दिवे लागले. नवा दांडा उत्तम चालला.

"पिना घातल्या. चाचणी संपली," ती म्हणाली.

"पिना घातल्या. चाचणी संपली," तो म्हणाला. मग हेडसेट काढायचा सोडून तसाच बसला. खाली भोंगा ऐकतोय, पंपावरचा माणूस ऐकतोय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरी सांगू म्हटलं तर जिना उतरेपर्यंत त्याचं परत 'बघू' झालं असतं, हेही ठाऊक होतं.

"अजून एक आहे," तो म्हणाला.

"बोला."

"तू जा. शिकवायला जा. तुझ्यासारखं कोणी शिकवणार नाही. तू गेलीस की मला घर खायला उठेल, मला ते मुळीच आवडणार नाही, रोज आवडणार नाही. पण तू जा."

खालून एकच शब्द वर आला. "ऐकलं."

"ऐकलं म्हणजे काय ऐकलं?" तो म्हणाला. "पूर्ण परत सांग."

"इथे माणसं आहेत."

"मॅडम," भोंगा हेडसेटशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा."

तिने भोंग्याकडे पाठ फिरवली.

"मी जायचं," ती म्हणाली. "शिकवायला जायचं. मी गेले की तुला घर खायला उठेल. तुला ते आवडणार नाही. रोज आवडणार नाही." इथे ती थांबली, आणि वर बघूशेठने दोन्ही हातांनी हेडसेट कानांवर दाबून धरला. "पण मी जायचं."

"बरोबर," तो म्हणाला.

"मग आता माझं ऐक. शनिवारी गाडी उशिरा पोचते. जेवून घेऊ नकोस, माझ्यासाठी थांब."

"शनिवारी गाडी उशिरा पोचते," बघूशेठ म्हणाला. "जेवून घेणार नाही. तुझ्यासाठी थांबेन."