पाळकसाहेबांचा घसा

पाळकसाहेबांचा घसा बसला, तेव्हा सगळ्या मंडळीने काळजी दाखवली. पण वाईट कुणालाच वाटलं नाही, हे पाळकबाईंनी बरोबर ओळखलं. डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली होती, घसा बरा होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. सांगायचंच असेल तर लिहून दाखवा. पण लिहायचं म्हणजे शब्द निवडावे लागतात, आणि साहेबांना ती सवय कुठली!

एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की देवसुद्धा मध्ये बोलू धजत नसे. शलमोन राजाच्या शहाणपणावर त्यांचा भारी जीव. माणसानं मोजकं बोलावं, हे ते चर्चमध्ये लोकांच्या पायांना मुंग्या येईपर्यंत सांगत.

याच जिभेनं त्यांनी सख्ख्या मेहुण्याच्या, ताईच्या नवऱ्याच्या, शवपेटीशेजारी उभं राहून सांगितलं होतं, "वेळेवर डॉक्टर गाठला असता, तर आज आपल्याला इथं जमावं लागलं नसतं." आईमागे ज्या ताईनं त्यांना लहानाचं मोठं केलं, ती समोरच बसली होती. त्यानंतर ताईनं या घराची पायरी चढली नाही. पाळकबाईंचा तर जीवच तुटला. सासरच्या माणसांत त्यांच्यासोबत पोट धरून हसणारी एकटी ताईच होती, तीही दुरावली.

आता साहेब मुके झाले आणि नवल घडलं. गायनवृंदातल्या दोघी एकमेकींची गाऱ्हाणी घेऊन वेगवेगळ्या वेळी येऊन गेल्या. साहेब दोघींसमोर छताकडे बघत आवंढा गिळत राहिले, कारण घसा दुखत होता. दोघी खजील होऊन परतल्या आणि आपसात गोड झाल्या. "साहेब किती खोल विचार करतात हो!" असं लोक बोलू लागले. बाई पदराआड हसत चहा ओतत होत्या.

हे ताईच्या कानावर गेलं आणि एका दुपारी ती थेट स्वयंपाकघरात साहेबांसमोर येऊन बसली.

"तू बोललास ते खरं होतं रे, म्हणून तर झोंबलं," ती म्हणाली. "त्यांचं दुखणं मला दिसत होतं. पण डॉक्टर काय सांगेल या भीतीनं मीच गप्प बसले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही."

साहेबांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. मग करायला दुसरं काही उरलं नाही म्हणून त्यांनी ताईचा हात हातात घेतला. ताई ढसाढसा रडली, मोकळी झाली. "रविवारी येते," असं म्हणून गेली. बाईंना इतका आनंद झाला, की नवऱ्याच्या काढ्यात त्यांनी मध जरा जास्तच घातला.

आणि रविवारी घसा सुटला.

विषय होता, योग्य वेळी योग्य शब्द. सुरुवात छान झाली. मग साहेबांना उदाहरण हवं झालं.

"माझ्या सख्ख्या बहिणीचंच बघा," ते म्हणाले. "परवा माझ्याकडे रडली. नवऱ्याचं दुखणं तिला दिसत होतं, पण भीतीनं बोलली नाही! एक शब्द, बंधूभगिनींनो, एक शब्द वेळेवर बोलली असती तर?"

सगळ्या माना वळल्या. ताई उठली, बाकांमधून वाट काढत दाराबाहेर गेली. साहेब आणखी बराच वेळ बोलत होते.

उपासना संपल्यावर दाराशी हस्तांदोलन करता करता त्यांनी बाईंना विचारलं, "ताई कुठे गेली? रंगलं ना आज?"

संसारात बाईंनी त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"तुमचा घसा बसला होता ना," त्या म्हणाल्या, "तेवढेच दिवस ताईंना भाऊ होता."

आणि त्या ताईच्या घराच्या दिशेनं झपाझप चालू लागल्या. मागे साहेबांनी घसा खाकरला आणि शेजारच्या माणसाला सांगायला सुरुवात केली, की बायकांना नेमकं बोलता येत नाही.